झाकल्या ताटलीतली कादंबरी

दलेंदा शत्तीला स्वयंपाक येत नाही. तिच्याबद्दल काहीही सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण पुढचं सगळं रामायण यातूनच घडलं. तिच्या कादंबऱ्या, तिच्या मानवी हक्कांच्या सभा, परदेशी वर्तमानपत्रांत छापून आलेले फोटो हे सगळं जगाला माहीत असेल. आमच्या महदिया गावच्या गल्लीत मात्र तिची ओळख ‘शोरबा जाळणारी बाई’ अशीच आहे. शोरबा म्हणजे अर्धंअधिक पाणीच. पाणी कसं करपतं हे आम्ही तिच्याकडून शिकलो.

मी मोंजिया. गल्लीच्या तोंडाशी बायकांचं पार्लर आहे ते माझं. दलेंदा आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो, म्हणून तिच्याविषयी वाटेल ते बोलायचा अधिकार मला आहे आणि तो मी पुरेपूर वापरते. तेव्हाही ती अशीच होती. एकदा बाईंनी ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहून आणायला सांगितला. आम्ही सगळ्या मुलींनी आपापल्या आईच्या मायेवर लिहिलं. हिनं बाईंच्या आईवर लिहिला. बाई आमच्याच गल्लीत राहत असल्यामुळे सकाळी त्या आईशी कशा भांडतात, म्हातारी मग रुसून गच्चीवर कशी जाऊन बसते, हे सगळं त्यात आलं होतं. दलेंदानं मार खाल्ला. पण निबंध बाईंनी परत दिला नाही. म्हातारी वारल्यावर तो बाईंच्याच उशाखाली सापडला म्हणतात.

पुढे ती इतिहासाची शिक्षिका झाली. लग्न केलं. नवरा भला माणूस होता, पण त्याला रोज रात्री जेवण लागायचं. ते दोघं भांडणतंटा न करता वेगळे झाले आणि तो अजून दर हिवाळ्यात तिला ऑलिव्हच्या तेलाचा डबा पाठवतो. तेलाचं ती काय करते, देव जाणे. मग ती मानवी हक्कवाल्यांच्या संघटनेत गेली. ज्यांची मुलं तुरुंगात आहेत अशा आयांना घेऊन ती कचेऱ्यांत जायची. आवाज कधी चढवायची नाही. खुर्ची दिली नाही तर जमिनीवर बसायची आणि एकच प्रश्न विचारत राहायची, साहेबाच्या जेवणाची वेळ टळेपर्यंत. स्वतःला उपाशी राहायची सवय असल्यामुळे तिचं काही बिघडायचं नाही. साहेबाचं बिघडायचं. अशा बाईला सरकार नोकरीवर किती दिवस ठेवणार? शाळा सुटली, आणि ती दिवसभर घरात बसून लिहायला मोकळी झाली.

आता सगळ्या गल्लीच्या मावशीचं, मनूबियाखालाचं सांगते, कारण गोष्टीचा सगळा जीव तिच्यात अडकलेला आहे. आमच्या समोरच राहते. विधवा, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. एकुलता एक मुलगा लुत्फी. राजधानीत कॉलेजला शिकायला गेला, तिथं एका सभेत चार शब्द बोलला आणि आत गेला. आत गेला तो गेला, पण ठेवला कुठं? पार दक्षिणेला, वाळवंटाच्या तोंडाशी. आमच्याकडे कैद्याला घरचं जेवण टोपलीतून द्यायची रीत आहे. दर आठवड्याला आई टोपली घेऊन फाटकाशी जाते, टोपली आत जाते, भेटीचा दिवस असला तर जाळीतून तोंडही दिसतं. पण बसमध्ये रात्र काढून, वर आणखी दोन गाड्या बदलून त्या गुडघ्यांनी किती वेळा जाणार? वर्षभरात ती एकदाच जाऊ शकली होती, तेही पोचेपर्यंत भेटीची वेळ संपून गेली. तिचं मागणं सुटकेचंही नव्हतं. “त्याला जवळच्या तुरुंगात आणा रे, मला त्याला जेवायला घालता येईल,” एवढंच. दलेंदानं त्यासाठी अर्ज करून करून कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि शेवटी त्यावर कादंबरी लिहिली.

कादंबरी छापून झाली. सगळ्या प्रती एका सकाळी सरकारी ट्रकमध्ये चढल्या आणि परत दिसल्या नाहीत. दलेंदाकडे राहिला तो टाइप केलेल्या पानांचा गठ्ठा. आणि तिच्या दाराशी आला साध्या कपड्यांतला पोलीस.

त्याचं नाव रिदा. वर डोंगराकडचा, दोन आकारांनी मोठं चामडी जाकीट घातलेला. हुकूम असा की आत कुणी जायचं नाही. दलेंदा बाहेर पडली तर हा पाठीमागे. ती बाजारात गेली की भाजीवाले घाबरून तोंड फिरवायचे, म्हणून तिनं बाहेर पडणंच बंद केलं. तेवढ्यात रमजान लागला.

रमजानात रोजा सोडायची तोफ होण्याच्या आधी आमच्या गल्लीत ताटल्या फिरतात. प्रत्येक घरातून प्रत्येक घरात काहीतरी जातं. ताटली रिकामी परत करायची नाही, हा आमचा कायदा. बाकीचे कायदे माणसं सोयीनं मोडतात, हा नाही मोडत. पहिल्याच दिवशी मी अंडं घालून तळलेलं गरमागरम ब्रीक घेऊन दलेंदाच्या दाराशी गेले. रिदा आडवा आला.

“आत सोडायचा हुकूम नाही, ताई.”

“मला कुठं जायचंय आत? ब्रीकला जायचंय.”

“ब्रीकबद्दल काही सांगितलेलं नाही.”

“मग झालं तर. गार झालं की चामड्यासारखं होतं, तुझ्या जाकिटासारखं. घे आणि दे आत.”

बिचाऱ्यानं ताटलीकडे पाहिलं. दिवसभराचा रोजा, घर तिकडे डोंगरात, नाकापुढे ब्रीक. त्यानं दार ठोठावलं आणि ताटली आत दिली. माझ्यामागे बेकरीवाल्याची बायको शोरबा घेऊन, तिच्यामागे मनूबियाखाला कोशिंबीर घेऊन. रिदा एकेक ताटली आत पोचवत होता, लग्नातल्या वाढप्यासारखा. त्यालाही एक भरलेली ताटली दिली, ती त्यानं उंबऱ्यावर बसून तोफ होताच फस्त केली.

सुरुवातीला ताटल्यांतून दलेंदाकडून खजूर आले. मग साखरेचे खडे आले. मग अंगणातली लिंबं. स्वयंपाक करून काही पाठवू नको अशी मी तिला आधीच खिडकीतून गयावया केली होती. मग लिंबंही संपली. एका संध्याकाळी माझी ताटली रिदानं आणून दिली, वर फडकं झाकलेलं. मी घरी येऊन फडकं उचललं, तर आत घडी घातलेला कागद. टाइप केलेलं पान. एक बाई बसस्टँडवर टोपली घेऊन उभी आहे आणि कंडक्टर टोपलीचंही तिकीट मागतो आहे. बाई म्हणते, टोपलीला तिकीट लागत असेल तर तिला खिडकीजवळची जागा पाहिजे.

मी खो खो हसत सुटले. नवरा म्हणाला, “रोजा लागला वाटतं तुला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मनूबियाखाला पार्लरमध्ये आली, रागानं फणफणत.

“मोंजिया, ही दलेंदा डोक्यावर पडलीय का? मला वाचता येत नाही हे तिला पाळण्यापासून माहीत आहे. माझी कोशिंबीर खाल्ली आणि ताटलीत कागद घालून पाठवला!”

कागद बघते तर माझ्या पानाच्या पुढचा! आणि त्याच्या पुढचा बेकरीवाल्याच्या बायकोकडे, शोरब्याचा डाग पडलेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देण्यासारखं घरात दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून दलेंदा तिची जप्त झालेली कादंबरी आम्हाला वाढत होती. आणि ती दारोदार पोचवत होता सरकारचा स्वतःचा पोलीस!

त्यानंतर काय धमाल उडाली ते सांगता सोय नाही. ज्या घरांतून एरवी दलेंदाकडे दोन दिवसांनी एक ताटली जायची, तिथून दिवसाला दोन जायला लागल्या. ज्यांनी कधी हात सैल सोडला नाही अशा बायका वाफवलेल्या रव्याचं, माशाचं कुसकुस पाठवायला लागल्या. एकीला पुढचं पान मिळे, दुसरीला मागचं, म्हणून रोज रोजा सोडून झाल्यावर सगळ्या आपापली पानं पदराआड धरून माझ्या पार्लरमध्ये जमत. दोन्ही ड्रायर चालू ठेवायचे, म्हणजे बाहेर आवाज जात नाही, आणि बायकांच्या पार्लरमध्ये कुठल्या पोलिसाची शिरायची हिंमत आहे? मी मोठ्यानं वाचायची. टीव्हीवर त्या वर्षीची मालिका चालू होती, सगळा देश ती बघत होता. आमच्या गल्लीत तिला कुत्रं विचारत नव्हतं. नवरे मंडळी एकटी बसून मालिका बघत आणि आम्ही आल्यावर आम्हालाच काय झालं ते सांगत. आम्ही ‘हो का, अरे वा’ म्हणत असू.

कादंबरीतल्या बाईचं नाव झुहरा. तिचा मुलगा लांबच्या तुरुंगात. ती त्याला भेटायला निघते आणि चुकीच्या बसमध्ये बसते. भलत्याच गावी उतरते, तिथं एका लग्नघरात नवरीची मावशी समजून तिला ओढून नेतात, ती पोटभर जेवते, टोपली कडेवर घेऊन नाचते, आणि नाचता नाचता तिला आठवतं की आपण कुठं निघालो होतो. त्या पानापाशी मला पुढे वाचवेना. ड्रायरखाली बसलेली बेकरीवाल्याची बायको हसत होती आणि डोळे पुसत होती, एकाच फडक्यानं.

एकट्या मनूबियाखालाला झुहरा आवडत नव्हती.

“बावळट बाई आहे. तुरुंगात माकरूद नेते! गोड बघितल्यावर शिपाई सोडतात होय? निम्मे तेच खातात.”

आम्ही एकमेकींकडे बघून ओठ चावायचो. मागच्या वर्षी रव्याचे, खजूर भरलेले, मधात बुडवलेले माकरूद टोपलीत घालून स्वतः खालाच दक्षिणेला गेली होती, आणि डबा रिकामा घेऊन, लुत्फीला न भेटता परत आली होती. झुहरा म्हणजे तीच, हे गल्लीतल्या मांजरांना कळलं होतं. तिला सांगायचं कुणी? आणि कशाला? खाला दिवसभर झुहराला शिव्या घालायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पुढची खुर्ची पकडायची.

रमजान अर्धा उलटला असेल तेव्हा रिदाला संशय आला. वाऱ्यानं फडकं उडालं आणि पान त्याच्या हातात आलं. मी ताटली घ्यायला गेले तर हा पठ्ठ्या वाचत उभा.

“हे काय आहे, ताई?”

“पाककृती.”

“पाककृतीत बसचा कंडक्टर कुठून आला?”

मला वाटलं, आता हा शिट्टी वाजवणार, गाडी येणार, दलेंदा आत, आणि लुत्फीचं नाव तर मग कुणी काढायलाच नको. मनूबियाखाला शोरबा घेऊन मागे उभी होती. रिदानं पान पुन्हा वाचलं. घडी घातली. ताटलीत ठेवलं. वर फडकं नीट झाकलं.

“कालचं पान कुणाकडे गेलं?” त्यानं हळूच विचारलं. “म्हणजे ही बाई बसमध्ये चढली की नाही?”

त्या दिवसापासून रिदा आमचा झाला. पण वाचनाचं दुखणं असं की एकदा लागलं की वाचक डोक्यावर बसतो. कादंबरीत झुहराच्या दाराशीही एक पोलीस होता, तुपकट मिशांचा, सरबताचे फुकट पेले ढोसणारा. रिदाला ते फार लागलं. त्यानं बंद दाराच्या फटीशी तोंड नेऊन आत ऐकू जाईल असं सांगितलं, “बाई, मला मिशा नाहीत.”

आतून दलेंदाचा आवाज आला, “तो तू नाहीस, बाळा. तो सगळ्या पोलिसांचा मिळून आहे.”

“असेल. पण माझ्या आईनं वाचलं तर तिला मीच वाटेन. त्याला जरा माणसात आणा ना.”

“तू काय करतोस ते बघते, मग ठरवते.”

दुसऱ्या दिवशी रिदा स्वतः बाजारातून कोथिंबीर आणि पाव घेऊन आला आणि दाराच्या कडीला पिशवी अडकवून गेला. पुढचं पान दलेंदानं नव्यानं टाइप केलं होतं. त्यात पोलिसाच्या मिशा होत्याच, पण त्यानं झुहराची टोपली उचलून दिली होती. रिदा ते पान दिवसभर जाकिटात घेऊन फिरला.

आता खरी गंमत. माझ्या पार्लरमध्ये दर आठवड्याला ठाण्याच्या साहेबांची बायको यायची, मादाम सिहेम. नाकावर माशी बसू न देणारी, पण मनानं वाईट नाही. त्या दिवशी तिला ड्रायरखाली बसवलं आणि माझं लक्ष नसताना तिनं मासिक उचललं. मासिकाच्या आत आदल्या दिवशीचं पान. मी वळून बघते तर मादाम पानात बुडालेली. मी मनातल्या मनात घराला, दाराला आणि पार्लरला रामराम ठोकला.

मादामनं मान वर केली. “लग्नात हिला ओळखतात की नाही मग?”

“पुढचं पान… म्हणजे… मला ठाऊक नाही, मादाम.”

“कुणाला ठाऊक आहे?”

“ज्यांनी ताटली पाठवली त्यांना.”

तिनं मग एकेक करून सगळं माझ्याकडून काढून घेतलं. बाई साहेबाची बायको उगीच झाली नव्हती. संध्याकाळी तोफेच्या जरा आधी गल्लीत ठाण्याची मोठी काळी गाडी शिरली. खिडक्या धडाधड बंद झाल्या. रिदा ताठ उभा राहिला, तोंडावरचा रंग उडालेला. गाडीतून ड्रायव्हर उतरला, दोन्ही हातांत चांदीचं तबक, त्यात बदामाच्या वड्या. “मादामकडून, आतल्या बाईंना,” तो म्हणाला. आणि रिदानं, काय करावं ते न सुचून, तबकाला सलाम ठोकला.

तबक परत गेलं तेव्हा त्यात एक पान नव्हतं, अख्खं प्रकरण होतं. चांदीच्या तबकाचा काही मान ठेवायला नको?

असं करत रमजानचा शेवटचा आठवडा आला आणि पानं संपली. शेवटच्या पानात झुहरा परत बसस्टँडवर उभी होती, टोपली घेऊन, दक्षिणेच्या गाडीची वाट बघत. पुढे काही नाही. पार्लरमध्ये आरडाओरडा झाला. बेकरीवाल्याची बायको म्हणाली, असं अर्धवट सोडणाऱ्या बाईला आपण आयुष्यात पाव देणार नाही. मनूबियाखाला मात्र टोपलीच्या दोऱ्या विणाव्यात तशी बोटं एकमेकांत विणत बसली होती.

मी खिडकीशी जाऊन दलेंदाला हाक मारली. “अगं, पोराला आणून टाक ना घरी. तुझ्या हातात आहे. दोन ओळींचं काम.”

“नाही आणता येत.”

“का नाही? कादंबरी तुझी, पोरगा तुझा, तुरुंगही तुझाच.”

“मोंजिया, समोर खाला बसली आहे. तिचा आला नाही आणि मी झुहराचा आणून ठेवला तर ती माझ्या तोंडाकडे बघेल का? खोटं वाढलेलं तिला कळतं. माझा शोरबा तिनंच पहिल्यांदा थुंकला होता.”

मला राग आला तिचा, आणि तिला मिठी मारावीशीही वाटली. मध्ये खिडकीचे गज होते म्हणून दोन्ही राहिलं.

ईदच्या आदल्या दिवशी मादाम सिहेम केस सेट करायला आली. खुर्चीत बसताक्षणी तिनं विचारलं, “पुढचं पान?”

दलेंदानं मला निरोप देऊन ठेवला होता. कंगवा खाली ठेवून मी तो सांगितला. “मादाम, दलेंदा म्हणाली, पुढचं पान तिच्याकडे नाही. ते तुमच्या घरी आहे. साहेबांकडे.”

आरशात मादामचा चेहरा दगडासारखा झाला. मग मी तिला लुत्फीचं नाव सांगितलं, मनूबियाखालाचे गुडघे सांगितले, जवळच्या तुरुंगाचं मागणं सांगितलं. साहेबांचा थोरला भाऊ राजधानीत तुरुंगांच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर बसतो, हे मी सांगायची गरज नव्हती, ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती केस झाल्यावर उठली आणि गेली.

आता आमच्याकडे ईदच्या सकाळी एक रीत असते, मिठाचा हक्क. महिनाभर उपाशीपोटी बाई चुलीपुढे उभी राहते, रोजा असल्यामुळे मीठ चाखूनही बघता येत नाही तिला, नुसत्या अंदाजानं घालते. त्याचं देणं म्हणून ईदला ती नटून नवऱ्याला कॉफी देते, आणि कॉफी पिऊन झाल्यावर नवरा कप रिकामा परत करत नाही. आत अंगठी घालतो, बांगडी घालतो, ज्याची जशी ऐपत. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं. त्या सकाळी मोठे मोठे तालेवार गरीब गाईसारखे कप हातात घेऊन बसलेले असतात.

साहेबांनी बांगडी आणून ठेवली होती. कोपऱ्यावरच्या सोनारानं ती सगळ्या गल्लीला दाखवून झाली होती. पुढचं मला मादामनंच सांगितलं, नंतर, ड्रायरखाली, आणि सांगताना ती लहान पोरीसारखी पाय हलवत होती.

साहेबांनी कॉफी प्यायली. बांगडी कपात घातली. मादामनं ती काढून बशीत ठेवली आणि कप पुन्हा पुढे केला.

“अजून रिकामाच आहे.”

“आता काय गळ्यातलं पाहिजे?”

“लुत्फी पाहिजे. मनूबियाचा. जवळच्या तुरुंगात.”

साहेबांना ठसका लागला. “हे सरकारी काम आहे, सिहेम! यात बायकांनी पडायचं नाही.”

“असं? महिनाभर तुमचा शोरबा सरकारनं केला? ब्रीक सरकारनं तळलं? दुपारी चुलीपुढे माझी कंबर धरायची तेव्हा सरकार आलं होतं पाठ चोळायला?”

“अगं, गुन्हेगार आहे तो.”

“असेल. मी कुठं म्हणते सोडा? आईच्या जेवणाच्या पल्ल्यात आणा. आणि सांगून ठेवते, आज दुपारी तुमची आई, बहिणी, सगळं गोत जेवायला येणार आहे. सुनेचा कप तुम्ही रिकामा परत केला, हे त्यांना तुम्ही सांगाल की मी?”

साहेबांनी आणखी कॉफी मागितली. तीही प्यायले. ओरडले, बाल्कनीत गेले, परत आले. मोठमोठ्या गुंडांना घाम फोडणारा माणूस! आई दारात पोचली आणि तिनं पहिलंच विचारलं, “काय गं सिहेम, काय मिळालं यंदा?” तेव्हा साहेब उठले आणि भावाला फोन लावला.

कागद हलायला ईदनंतर काही आठवडे गेले. सरकारी काम ते. पण हिवाळा सरायच्या आत लुत्फी जवळच्या तुरुंगात आला, बसनं सकाळी निघून दुपारी परत येता येईल इतक्या जवळ. बातमी आली तेव्हा गल्लीभर बायकांच्या, जीभ हलवत काढलेल्या आनंदाच्या किलकाऱ्या उठल्या. रिदानंही प्रयत्न केला, पण पुरुषांना ते जमत नाही, कोंबड्यासारखा आवाज आला. मनूबियाखाला भांडी घासत होती. तिनं हात पुसले आणि म्हणाली, “टोपलीची मूठ सैल झालीय, कुणीतरी बांधून द्या.”

भेटीचा दिवस गुरुवार. तिला पहाटे बसमध्ये आम्ही बसवलं. दुपारी ती परत यायच्या वेळेला सगळ्या माझ्या पार्लरमध्ये जमलो. दलेंदाही आली. इतक्या महिन्यांनी ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. कर्तव्य म्हणून रिदा तिच्या मागोमाग आला आणि दाराबाहेर भिंतीला टेकून, कान आत लावून उभा राहिला.

खाला आली. टोपली खाली ठेवली. खुर्चीत बसली. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“भेटला?”

“भेटला. बारीक झालाय. दाढी वाढवलीय, घाणेरडी दिसते.”

“काय बोललात?”

“गोष्ट सांगितली त्याला.”

“कसली गोष्ट?”

“झुहराची. पहिल्यापासून. ती टोपलीला खिडकीजवळची जागा मागते, चुकीच्या गाडीत बसते, लग्नात नाचते, सगळं. इतका हसला, इतका हसला की शिपाई ओरडायला आला. तोही मग तिथंच उभा राहून ऐकत बसला.”

माझं डोकं फिरलं. “अगं खाला! इतक्या काळानं पोराचं तोंड दिसलं, आणि मिळालेल्या घटकाभरात तू त्याला कादंबरी सांगत बसलीस? तू कशी आहेस, तुझे कसे गेले हे दिवस, ते सांगायचं सोडून?” आणि रागाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, “ती झुहरा म्हणजे तूच आहेस गं!”

ड्रायर बंद होते. सगळ्यांना ऐकू गेलं. दलेंदा माझ्याकडे अशी बघत होती की आता मला खाते.

खाला शांतपणे म्हणाली, “मग? मला काय खुळी समजलीस? पहिल्या पानापासून माहीत आहे. माकरूद मीच नेले होते की.”

“मग रोज तिला शिव्या का घालत होतीस?”

“तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघत होतात म्हणून.” तिनं गुडघा चोळला. “हे बघ, जाळीपुढे उभी राहून मी माझं सांगायला लागले असते, तर पहिल्याच वाक्याला रडले असते. मग तोही रडला असता. ती मेली जाळी इतकी बारीक, आधीच धड दिसत नाही, त्यात डोळ्यांत पाणी. तेवढ्यात वेळ संपली असती आणि माझा मुलगा मला दिसलाच नसता. झुहराचं म्हणून सांगितलं, तर सगळं सांगून झालं, आणि तो हसताना मला त्याचे दात दिसले.”

दलेंदा भिंतीकडे तोंड करून उभी होती. बाहेर रिदा नाक शिंकरत होता. मी उठून उगाचच आरसा पुसायला लागले.

“दलेंदा,” खालानं हाक मारली, “तेवढं शेवटचं पान गुरुवारच्या आत लिही. लुत्फी विचारत होता, झुहराचा पोरगा घरी कधी येतो?”